मराठी आडनावाचा आमदार

(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चकल्या-करंज्या समोर असताना राजकारणावर बोलायचं म्हणजे धाडसच. पण घाबरू नका, मत कुणाला द्या हे सांगायला मी आलेलो नाही. एकच प्रश्न आहे. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या आमदाराचं नाव माहीत आहे? व्हाइट हाउसमध्ये काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असतं. महाराष्ट्रात कोण कुठल्या गटात गेलं, तेही ठाऊक असतं. इथला, आपल्या मेरीलंडचा आमदार मात्र मधल्या मधे राहून जातो.

म्हणून आज कुमार बर्वे यांच्याविषयी बोलतो. जन्म १९५८, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी. शाळा इथेच मेरीलंडमध्ये, जॉर्जटाउन विद्यापीठातून अकाउंटिंगची पदवी. १९९० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे रॉकव्हिल-गेथर्सबर्ग भागातून निवडून आले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळावर निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे आमदार. त्यानंतर मतदारांनी त्यांना ओळीने आणखी आठ वेळा निवडून दिलं.

अधिवेशन म्हटलं की आपल्याला जेवणाची कूपनं आठवतात! अ‍ॅनापोलिसचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं आणि नव्वद दिवसांत संपतं. खालच्या सभागृहात १४१ आमदार, वरच्या सभागृहात ४७. बाकीचं वर्ष बहुतेकजण आपापली नोकरी-धंदा करतात. बर्वेसुद्धा एका पर्यावरणविषयक कंपनीचा आर्थिक कारभार सांभाळत होते. म्हणजे आमदार हा कुणी वेगळ्या जगातला माणूस नसतो.

सभागृहात ते बरीच वर्षं, २०१५ पर्यंत, बहुमतातल्या पक्षाचे नेते होते. त्या काळात मेरीलंडने काही धाडसी पुरोगामी कायदे केले. समलिंगी विवाहाचं विधेयक २०१२ मध्ये खालच्या सभागृहात ७२ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झालं. मंजुरीला ७१ मतं लागतात. म्हणजे गरजेपेक्षा एकच मत जास्त! आपलं मत कुणाला पटो न पटो, एकेका आमदाराचं वजन किती असतं ते इथे कळतं.

२०१५ नंतर ते पर्यावरण आणि वाहतूक समितीचे अध्यक्ष झाले. माझ्या मते त्यांचं खरं काम इथे आहे. आमदार भाषणं सभागृहात करतो, पण विधेयक जगतं किंवा मरतं ते समितीत. जमिनीखालचे खडक फोडून गॅस काढण्यावर २०१७ मध्ये बंदी आली. फोमचे कप आणि डबे २०१९ च्या कायद्याने हद्दपार झाले, आणि असं करणारं मेरीलंड हे पहिलं राज्य. २०२२ चा हवामान कायदा तर फारच मोठा. २००६ च्या तुलनेत २०३१ पर्यंत तापमान वाढवणारे वायू ६० टक्क्यांनी कमी करायचे आणि २०४५ पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं, असं बंधन त्यात आहे. ही विधेयकं एकट्या बर्व्यांची नव्हेत. ती मांडणारे, त्यांसाठी भांडणारे अनेकजण होते. पण वाट त्यांच्या समितीतून जात होती.

२०२३ मध्ये गव्हर्नर वेस मूर यांनी त्यांना वीज आणि गॅसच्या दरांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगावर नेमलं आणि बत्तीस वर्षांची आमदारकी संपली.

मंडळी, बर्वे हे आडनाव ऐकून अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण नुसत्या अभिमानाने काही होत नाही. शाळांना मिळणारा राज्याचा पैसा, गाड्यांचे नियम, चेसापीक उपसागराचं पाणी, हे सगळं अ‍ॅनापोलिसला ठरतं. आपल्यापैकी अनेकांना अजून मतदानाचा हक्क नाही, मान्य. पण समितीपुढे आपलं म्हणणं मांडायला नागरिकत्व लागत नाही. बारावीतल्या मुलांना तर अधिवेशनात मदतनीस म्हणून काम करायची संधीसुद्धा मिळते. 'स्टुडंट पेज' म्हणतात त्यांना. शाळेत जरूर चौकशी करा.

जानेवारी फार दूर नाही. तोवर एवढंच करा: आपला मतदारसंघ कुठला, आमदार कोण, कुठल्या समितीवर आहेत, ते शोधून ठेवा. आडनाव मराठी नसलं तरी आमदार आपलाच आहे.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आता फराळाला मोकळे!