खोट्या चिठ्ठीतला रानपिंगळा

भारतात पक्ष्यांच्या तेराशेहून अधिक जाती. त्यांतली एक आपल्या खानदेशात पुन्हा सापडली, रानपिंगळा. १८८४ नंतर त्याची खरी नोंदच नव्हती. माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रजाने १९१४ साली गुजरातेत तो मारल्याचे सांगितले. प्रत्यक्षात संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याने वर खोटी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीने शोधणारे भलतीकडे भटकले. ही लबाडी ओळखणाऱ्या पामेला रासमुसेन दोन सोबत्यांसह जुन्या खऱ्या नोंदींच्या मागाने आल्या. नोव्हेंबर १९९७, शहाद्याजवळचे रान, तेव्हाचा धुळे जिल्हा. सकाळच्या उजेडात, बोडक्या झाडावर स्वारी बसलेली! घुबड असून हा दिवसाही शिकार करतो. घरट्याला मात्र त्याला जुन्या झाडाची ढोली लागते, आणि तसले पोकळ झाड आपण सरपणाला आधी तोडतो.