भामरागडचे उभे दगड



पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या जिथे एकमेकींना मिळतात, त्या गडचिरोलीतल्या भामरागडच्या मुलखात माडिया गोंडांच्या गावांच्या आसपास उभे दगड दिसतात. त्यांच्यावर नाव नाही, तारीख नाही, कोरीव मूर्तीही नाही. गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी ते रोवलेले आहेत. दगडाला तिकडे म्हणतात 'कल'. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधल्या अशा दगडांची 'कोटोकल', 'उरसकल' ही नावं अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहेत. दोन्हींत हाच 'कल' आहे.

आणि तो आपल्या मराठीतही आहे. 'वीरगळ' हा शब्द आठवा. मूळ कन्नड 'वीरगल्लु'. त्यातला 'कल्लु' म्हणजे दगड. तमिळमध्ये 'नडुकल', म्हणजे रोवलेला दगड. गोंडी, कन्नड, तमिळ या एकाच द्राविड कुळातल्या भाषा. तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ ग्रंथात तर या दगडाचा विधीच सांगितला आहे: दगड शोधायचा, त्याला पाण्यानं न्हाऊ घालायचं, रोवायचा, नैवेद्य द्यायचा आणि शेवटी गेलेल्याची थोरवी गायची.

वीरगळ मात्र फक्त वीरांचा दगड. लढाईत किंवा गावची गुरं सोडवताना जो पडला, त्याचा वीरगळ. खालच्या चौकटीत झुंज, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर जहाजांची लढाईच कोरली आहे. भामरागडचा कल असं शौर्य मागत नाही. शेती करून, पोरंबाळं वाढवून म्हातारपणी गेलेल्या माणसालाही त्याचा हक्क आहे. मला हा अर्थ अधिक मोठा वाटतो.

दगड रोवणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. सोयरेधायरे जमतात, जेवणं होतात. त्यामुळे ऐपत येईपर्यंत घरच्यांना थांबावंही लागतं. आपल्याकडे भाद्रपदातली तिथी ठरलेली असते, तसं इथं नाही.

नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी इथं लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. ती उभारणारे आजच्या माडियांचेच पूर्वज, असं म्हणायला पुरेसा आधार नाही. पण मृतांसाठी दगड मांडण्याची रीत विदर्भात फार जुनी आहे, एवढं नक्की. जुनापाणीचा अभ्यास करायला जमीन खणावी लागली. भामरागडला ही रीत जाणणारी माणसं समोर आहेत, त्यांना विचारता येतं.

म्हणून एक विनंती. त्या बाजूला गेलात तर या दगडांवर बसू नका, त्यांना टेकून फोटो काढू नका. रस्त्याचं किंवा बांधकामाचं काम तुमच्या हाती असेल, तर दगड हलवण्याआधी गायत्याला, पेरम्याला, म्हणजे गावच्या प्रमुख-पुजाऱ्यांना विचारा. तो दगड कुणाचा, हे गाव सांगेल.