हेड घेण्याआधी डोकं ठिकाणावर असू द्या

(जलशाच्या आणि बँडच्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. शिव्या तेवढ्या कमी केल्या आहेत.)



विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेतले दोघं हसले. मी पाहिलं. बासचं अ‍ॅम्प्लिफायर हेड कुठलं घ्यावं, हा काय चळवळीचा विषय झाला का? असं त्यांच्या तोंडावर सरळ लिहिलं होतं. हसा. पण गेल्या १४ एप्रिलला रात्री पावणेनऊला काय झालं ते आठवून हसा.

आपली शाहीर तिसऱ्या कडव्यात होती. समोर बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, म्हातारे खुर्च्या पुढं ओढत होते. आणि खाड्‌कन बास गेला. मी घाबरलो, मागं वळून दिसेल ती वायर ओढली. ओढली तो बोर्ड मिक्सरचाही होता. माईक गेला, कीबोर्ड गेला, राहिली नुसती ढोलकी. बारा मिनिटं आपण मुके. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या डीजेनं भिंत चालू केली आणि आपली माणसं एकेक करून तिकडं सरकली. दहाला पोलीस आले, कार्यक्रम संपला. ज्या गाण्यासाठी दोन महिने तालीम केली ते गाणं वस्तीनं अर्धंच ऐकलं.

चूक कुणाची? माझी. उसनं हेड, उसने दोन कॅबिनेट. हेडच्या पाठीवर लिहिलेलं होतं, किमान ४ ओहम. दोन्ही कॅबिनेट ४ ओहमचे. मी एकाला एक जोडून दिले. वाचता येत होतं, वाचलं नाही. शिकलेला गाढव तो हा.

ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. दोन स्पीकर समांतर जोडले की वाटा दोन होतात, अडथळा निम्मा होतो. आठचे दोन म्हणजे चार. चारचे दोन म्हणजे दोन. अडथळा कमी झाला की हेडला जास्त करंट सोडावा लागतो, ते तापतं, आणि शहाणं असेल तर स्वतःला बंद करून घेतं. शहाणं नसेल तर जळतं. म्हणून हेडबरोबर कॅबिनेट घ्यायचा तर ८ ओहमचाच घ्या. आज एक, पैसे जमले की दुसरा. ४ ओहमला ५०० वॅट देणारं हेड ८ ओहमच्या एका कॅबिनेटवर साधारण ३०० देतं. आपल्याला तेवढं पुरतं.

आता वॅटची भानगड. वॅट हा आकडा म्हणजे सावकाराच्या वहीतला आकडा. कुठून आला ते विचारायचं. पीक वॅट, म्युझिक वॅट, काय वाट्टेल ते पुढच्या पट्टीवर छापतात. आपण विचारायचं, आरएमएस किती आणि किती ओहमला? उत्तर नसेल तर पुढच्या दुकानात चला. आणि दुसरं ध्यानात ठेवा. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला तो ‘थोडा जास्त’ एवढाच लागतो. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे ३०० ऐवजी ६०० वॅटच्या हेडसाठी जीव टाकायचा, कर्ज काढायचं, आणि मिळवायचं काय? चिमूटभर. त्याच पैशात जास्त सेन्सिटिव्हिटीचा कॅबिनेट घ्या. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा कॅबिनेट लावला तर हेड न बदलता वॅट दुप्पट केल्यासारखं होतं. ही गोष्ट कुठलाही विक्रेता आपणहून सांगत नाही.

आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणतात, जलशात बास कशाला? गोऱ्यांचं वाद्य. भीमराव कर्डकांच्या जलशाला कुठं होता बास? नव्हता, दादा. तेव्हा बहुतेक गावांत वीजच नव्हती, लाउडस्पीकर कुठला. पण गोऱ्यांचं वाद्य हे मात्र अर्धं खरं. लिओ फेंडरनं १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बास बाजारात आणला. त्याला बोलायला शिकवलं काळ्या माणसांनी. जेम्स जेमरसन हे नाव पाठ करा. साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर १९३६ मध्ये जन्मला, १९५४ मध्ये आईच्या मागोमाग डेट्रॉइटला आला, मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात. आपले आजे-पणजे जसे कोकणातून, देशावरून मुंबईच्या गिरण्यांत आले तसाच. मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातल्या ढीगभर गाण्यांचा पाया या माणसाच्या एका बोटानं घातला. एका म्हणजे खरोखर एका, उजव्या हाताच्या तर्जनीनं तो वाजवायचा. आणि रेकॉर्डच्या पाकिटावर नाव? वर्षानुवर्षं नाही. १९७१ साली मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ते छापलं गेलं. १९८३ मध्ये तो गेला. घराचा पाया खणणाऱ्याचं नाव कोनशिलेवर नसतं, हे आपल्याला कुणी डेट्रॉइटहून येऊन सांगायला नको.

पण मी जेमरसन काढला तो रडायला नाही, हेडसाठी. क्लबात वाजवताना त्याच्याकडे अँपेगचा बी-१५ असायचा. पंचवीस-तीस वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, एकच १५ इंची स्पीकर. आणि स्टुडिओत? बहुतेक वेळा अ‍ॅम्पच नाही. बासची वायर सरळ रेकॉर्डिंगच्या कन्सोलला. यालाच डीआय म्हणतात. हा डीआय आपल्या सगळ्या चर्चेचा गाभा आहे.

का, ते सांगतो. हजार माणसांच्या मैदानात आपल्या स्टेजवरचा कॅबिनेट कुणासाठी वाजतो? आपल्यासाठी. ढोलकीवाल्याला सम कळावी, गाणारीला सूर मिळावा म्हणून. लोकांना ऐकू येतं ते साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरमधून. म्हणजे बास त्याच्या मिक्सरला गेलाच पाहिजे. हेडच्या पाठीवर तीन पिनांचं भोक असतं, साउंडवाले त्याला कॅनन म्हणतात, तेच डीआय आउट. ते नसलेलं हेड फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्याच्याशेजारी प्री आणि पोस्ट असं बटण असतं. ते प्रीवर ठेवा. मग स्टेजवर मी माझी बटणं कितीही फिरवली तरी मैदानातला आवाज बिघडत नाही. साउंडवाला म्हणेल, ‘बासची लाईन कशाला भाऊ, स्टेजचाच आवाज पुरे.’ ऐकायचं नाही. त्याला एक चॅनेल वाचवायचा असतो. आणि समोर नुसते भोंगे टांगलेले असले तर तुमचं हेड लाखाचं असो, बासच्या सगळ्यात जाड तारेचा सूर असतो ४१ हर्ट्‌झचा, तो भोंग्यातून बाहेर पडतच नाही. अशा ठिकाणी आपला कॅबिनेटच कामाचा, आणि तिथं कार्यक्रमही लहानच असतो.

आता दुकानाची गोष्ट. नाव घेत नाही. मी आणि आपला ढोलकीवाला गेलो. विक्रेता आधी गोड. ‘कौनसे चर्च में बजाते हो?’ मुंबईत बास वाजवणारा म्हणजे गोव्याचा नाहीतर चर्चचा, हे त्याचं गणित. मी म्हटलं, जलशात. जयंतीला. मग तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘अच्छा, तो आपको डीजे का सब दिखाता हूँ.’ आम्हाला काय हवं ते त्यानं आमचं तोंड बघून ठरवलं. आम्ही हेडच मागितलं. त्यानं बास आणि ट्रेबल पूर्ण वर केलं, मधलं सगळं खाली पाडलं, आणि वाजवून दाखवलं. काय सुंदर आवाज! छाती हलली. मी जवळजवळ पाकिटात हात घातला होता. तेवढ्यात आपल्या गड्यानं पिशवीतून ढोलकी काढली आणि तिथंच ठेका धरला. बास गायब. नुसती खालची गुरगुर आणि वरची टिकटिक. दुकानातला आवाज एकट्याचा असतो, कार्यक्रमातला सगळ्यांचा. चार जणांत बास ऐकू येतो तो मधल्या पट्टीमुळे. आणि तिथंच, २००-२५० हर्ट्‌झच्या आसपास, फार चढवलं की तोच बास शाहिराचे शब्द खातो. म्हणून मिडचं एकच बटण असलेलं हेड नको. लो-मिड आणि हाय-मिड वेगळं हवं. आपल्या गाण्यात शब्द महत्त्वाचा. शब्द गिळणारा बास वाजवायचा तर डीजेच्या भिंतीनं काय घोडं मारलंय? आणि दुकानात ढोलकी घेऊन जायला लाजू नका. विक्रेत्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

वजन. १९६९ साली अँपेगनं एसव्हीटी काढला, व्हॉल्व्हचा, ३०० वॅट. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला. आवाज राजाचा, कबूल. पण नुसतं हेड चाळीस किलोच्या घरात. स्टोन्सकडे हमाल होते, आपले हमाल आपणच. तिसऱ्या मजल्यावरून खाली, लोकलच्या लगेजच्या डब्यात, कुर्ल्याच्या पुलावरून, आणि परत. शिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आपल्याकडे घाईत काय जोडलं जातं ते तुम्ही पाहिलंच आहे. व्हॉल्व्ह बाद.

उरले दोन. जुन्या पद्धतीचं ट्रान्झिस्टरचं हेड, लोखंडी ट्रान्सफॉर्मरवालं, पंधरा-वीस किलोचं. आणि क्लास डी. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून तापत नाही, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. त्यामुळे वीज उष्णतेत वाया जात नाही, मोठं हीटसिंक लागत नाही. बरोबर स्विचिंगचा पॉवर सप्लाय असला की ५०० वॅट तीन किलोत बसतात. झोळीत टाकून चालू लागा.

इथं आपल्या आयटीआयवाल्या मित्राचा आक्षेप आहे आणि तो हलक्यानं घेऊ नका. तो म्हणतो, लोखंडी हेड बिघडलं तर मी लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर आणून रात्रीत बसवीन. क्लास डीच्या बोर्डावर कणाकणाएवढे पार्ट असतात, माझं सोल्डरिंग तिथं चालत नाही. अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं आणि ते कंपनीच्या मर्जीवर. खरं आहे. आपल्या हातानं दुरुस्त न होणारी वस्तू म्हणजे परावलंबन. पण आपल्या पार्टीत आता तीन मुली आहेत, दोघांच्या पाठी गेल्यात, टेम्पोचं भाडं कार्यक्रमाच्या मानधनाहून जास्त. माझं मत क्लास डीला. एका अटीवर. एक छोटा डीआय बॉक्स कायम पिशवीत. हेड मेलं तर बासची वायर त्यात, तिथून मिक्सरला. जेमरसनसारखं. कार्यक्रम थांबणार नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवू, असं कोणी म्हणालं. पाठीवरची पट्टी वाचल्याशिवाय नाही. तिथं १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. काही हेड १०० ते २४० सगळं खातात, काही नाही. आणि एप्रिलच्या उन्हात हेडच्या पंख्यासमोर कुणी सतरंजी टाकू नका.

शेवटचं. हसणाऱ्यांनी जरा जास्त ऐका. बासमधून घूं असा आवाज आला की आपली पोरं प्लगची अर्थची पिन मोडतात. घूं जाते. माणूसही जाऊ शकतो. मंडपवाल्याच्या बोर्डाला तिसरं भोक असतं, पण भोकामागं वायर असेलच असं नाही. एका हातात बासच्या तारा, ओठ माईकला, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक, की वीज तुमच्यातून वाट काढते. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वॉन्झीत लेस्ली हार्वे नावाचा ग्लासगोचा तरणा गिटारवाला असाच स्टेजवर मेला. अर्थ न केलेल्या माईकला हात लागला, संपला. त्याच साली इकडं मुंबईत पँथर जन्मली. घूं घालवायला हेडवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते फक्त डीआयच्या वायरीतलं अर्थ तोडतं, प्लगचं नाही. ते दाबा. पिनेला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. जनरेटर असेल तर त्याचंही अर्थिंग वायरमनकडून बघून घ्यायचं, सुरू करण्याआधी, नंतर नाही.

पैसे ५२ हजार जमलेत. त्यात भाजीवाल्या मावशीचे पाचशे आहेत, नाक्यावरच्या पोरांच्या बोनसमधले आहेत. हिशेबाची वही दाराजवळ ठेवलीय, कुणीही उघडा. टेबलावर ठेवलेलं हेड आठ दिवसांच्या बोलीवर आणलंय, सेकंडहँड आहे. तासभर जोरात वाजवायचं, पंखा फिरतो का, बटणं खरखरतात का, डीआय चालतो का बघायचं. मतदान त्यानंतर. आयटीआयवाल्यांनो, पुढं या, झाकण उघडून बघा. ढोलकी कुठंय? आणि हा हॉलचा बोर्ड, याचं अर्थिंग कुणी पाहिलंय? नाही ना. मग टेस्ट लॅम्प आणा, तोवर कुणी काही जोडू नका.