झेड ड्राइव्हवरची लाल फुली: ऑफिसातलं शेअर्ड फोल्डर मध्येच का तुटतं?

आजचा भाग त्यांच्यासाठी, जे ऑफिसात वयानं सगळ्यात लहान आहेत आणि "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना" एवढ्या एका वाक्यावर ज्यांच्या गळ्यात अख्खं नेटवर्क पडलंय. बीकॉमवाल्यांनाही यातून सुटका नाही, माहितीये मला.

सोलापुरातली छोटी ऑफिसं आतून बऱ्यापैकी सारखी असतात. टॅक्स कन्सल्टंटचं असो, नवी पेठेतल्या व्यापाऱ्याचं असो, नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं. सात-आठ पीसी असतात. त्यातला एक जरा बरा असतो, त्याला सगळे मानानं 'सर्व्हर' म्हणतात. त्याच्यावरचं एक फोल्डर शेअर केलेलं असतं आणि बाकीच्यांच्या स्क्रीनवर ते झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. टॅलीचा डेटा तिथं, बिलं तिथं, टॉवेलची डिझाइनं तिथं. म्हणजे धंदा सगळा त्या एका फोल्डरात. आणि मग एक दिवस झेडवर लाल फुली येते आणि चारी बाजूंनी तुमच्या नावाचा पुकारा सुरू होतो.

अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो: तुटलं म्हणजे नक्की काय झालं? कारण 'ड्राइव्ह गेला' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात.

पहिला तर आजारच नाही. जेवून आलात, झेडवर लाल फुली आहे, पण डबल क्लिक केलं की उघडतंय. हे विंडोजचं ठरलेलं वागणं आहे. सर्व्हर झालेला पीसी १५ मिनिटं कुणी काही वापरलं नाही तर ते कनेक्शन सोडून देतो आणि क्लिक केलं की परत जोडतो. फुलीचा फारच त्रास होत असेल तर सर्व्हरवर, तुमच्या पीसीवर नाही, सर्व्हरवर, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि लिहा: नेट, स्पेस, कॉन्फिग, स्पेस, सर्व्हर, स्पेस, स्लॅश ऑटोडिस्कनेक्ट कोलन मायनस वन. मायनस वन म्हणजे कधीच सोडू नको. लॅपटॉप सुरू केल्या केल्या फुली दिसते तेही असंच, वायफाय लागायच्या आधी विंडोज ड्राइव्ह शोधायला जातं. सोडून द्या.

पण एक गोष्ट इथं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. हे १५ मिनिटांचं सोडणं फाईल उघडी असताना होत नाही. त्यामुळे काम चालू असताना, फाईल उघडी असताना कनेक्शन गेलं, तर दोष दुसरीकडे आहे. हा दुसरा आजार, आणि खरं नुकसान हाच करतो.

मागं एका करसल्लागारांच्या ऑफिसात गेलो होतो. महिन्याची १९ तारीख. जीएसटीचं काम करणाऱ्यांना १९ तारीख म्हणजे काय ते सांगायला नको, २० ला थ्री-बी भरायचा असतो. तिथं व्हाउचर टाकता टाकता टॅली बाहेर फेकत होतं, आणि त्याआधी एकदा एका पार्टीचा डेटा असा बिघडला होता की दोन दिवसांपूर्वीचा बॅकअप घेऊन सगळ्या एंट्र्या परत माराव्या लागल्या. आणि दोष कुणाला? चार महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलीला. का, तर शेवटची एंट्री तिची होती. "ही काहीतरी दाबते ओ," असं तिच्यासमोर चाललेलं. ती बिचारी एंटर दाबायलाही घाबरत होती.

मी दोन पीसींवर पिंग लावून ठेवलं. पिंग, सर्व्हरचा आयपी, डॅश टी. ते थांबवेपर्यंत दर सेकंदाला सर्व्हरला हाक मारत राहतं. आता डोकं लावायचं ते इथं. उत्तर येणं एकाच पीसीवर थांबलं, तर दोष त्या पीसीचा: त्याची केबल, त्याचं पोर्ट, त्याचं नेटवर्क कार्ड. सगळ्या पीसींवर एकाच सेकंदाला थांबलं, तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या जागी: स्विच, नाहीतर सर्व्हर. एवढ्या एका चाचणीनं अर्धी शोधाशोध वाचते. पिंग वेळ लिहीत नाही, म्हणून शेजारी मोबाईलचं घड्याळ उघडं ठेवा.

साडेबाराच्या सुमारास भिंतीवरचा पंखा क्षणभर मंदावला. लाईट गेली नाही, नुसती लुकलुकली. सगळे पीसी यूपीएसवर, कुणाला काही जाणवलंही नाही. आणि दोन्ही स्क्रीनवर एकदम 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

कपाटामागं हात घातला. आठ पोर्टचा छोटा स्विच, आणि त्याचा ॲडॉप्टर पंख्याच्या एक्स्टेन्शन बोर्डात! पीसी यूपीएसवर, सर्व्हर यूपीएसवर, आणि सगळ्यांना जोडणारा स्विच थेट भिंतीवर. सोलापूरचा उन्हाळा, लाईटचं येणं-जाणं आपल्याला नवीन नाही. दर लुकलुकीला स्विच बंद होऊन परत सुरू व्हायचा, काही सेकंदांचाच खेळ. पण तेवढ्यात लिंक पडते. वर्डची फाईल अशा धक्क्यातून बऱ्याचदा सावरते. सतत डेटा लिहीत असलेला अकाउंटिंगचा प्रोग्राम मात्र अर्ध्या वाक्यात तुटतो.

ॲडॉप्टर यूपीएसवर लावला, पंधरा सेकंदांचं काम. सर म्हणाले, "स्विच होता होय." त्या मुलीला सॉरी वगैरे कुणी म्हटलं नाही. तिनं मात्र मी निघताना विचारलं, "सर, परत झालं तर मी काय लिहून ठेवू?" सगळ्या ऑफिसात कामाचा प्रश्न तेवढा तिनं विचारला. तारीख, वेळ, कुणाचा पीसी, एकट्याचं गेलं की सगळ्यांचं, आणि स्क्रीनवरच्या एररचा मोबाईलवर फोटो. एवढं लिहिलेली वही असेल तर पुढच्या वेळी 'काहीतरी दाबते' असं म्हणायची सोयच उरत नाही.

स्विच ठीक असेल तर पुढं बघायच्या जागा भराभर सांगतो. सर्व्हर झालेला पीसी झोपतोय का? त्याची स्लीप 'नेव्हर' करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवायला हे बंद केलं तरी चालेल अशा अर्थाची एक टिक असते, ती काढा. राउटर रीस्टार्ट झाला की सर्व्हरचा आयपी बदलतोय का? राउटरमध्ये तो पत्ता त्याच्या नावावर राखून ठेवा. केबल १०० मीटरच्या आत आहे ना? कारखान्यांत पुढं ऑफिस आणि पार मागं डिस्पॅच असतं, तिथं हे नक्की मोजा. आणि टॉवेलवाल्यांनो, सर्व्हरचं झाकण अधूनमधून उघडत जा. पंख्यात सुताची एवढी रुई बसलेली असते की आतून आणखी एक नॅपकीन निघेल.

अजून एक. साधं विंडोज १० किंवा ११ प्रो हे काही खरं सर्व्हर विंडोज नाही, एका वेळी २० च कनेक्शनं घेतं. स्टाफ वाढला, स्कॅनर जोडले, की उशिरा येणाऱ्याला जागा मिळत नाही.

आता तिसरा आजार: कालपर्यंत चालत होतं, आज उघडतच नाही. नवीन लॅपटॉप आला किंवा अपडेट झालं की हे होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं. त्यानंतर प्रो आवृत्तीत दोन गोष्टी बदलल्या. फाईल शेअरिंगच्या प्रत्येक निरोपावर सही हवीच, आणि पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून आत जाणं बंद. सही करायला लागणारी किल्ली पासवर्डावरून तयार होते, गेस्टकडे पासवर्डच नाही, मग सही कशी करणार? त्यामुळे जुने नॅस बॉक्स, राउटरच्या मागं खोचलेली यूएसबी डिस्क, असल्या ठिकाणी नवीन लॅपटॉप दारातच अडतात. उपाय सरळ आहे: नॅसवर युजर आणि पासवर्ड तयार करा, त्याचं फर्मवेअर अपडेट करा. आणि हो, नेटवर्कवर पिन चालत नाही बरं का. चार आकडी पिननं पीसी उघडतो म्हणून तोच इथं टाकत बसू नका, खरा पासवर्ड लागतो. पासवर्ड कोरा ठेवलेला युजरही बाहेरून आत घेतला जात नाही.

यूट्यूबवर याचा एक 'झटपट' उपाय मिळेल: एसएमबी वन चालू करा. करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरलं ते याच जुन्या दारातून. लगेच जूनमध्ये नॉटपेट्या आलं, त्यानंही हेच दार वापरलं, आणि त्यात आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाकडचं टर्मिनल अडकलं. एवढ्या मोठ्या कंपनीचे कंटेनर अडले. आपल्या झेड ड्राइव्हचा तर बॅकअपही त्याच डी ड्राइव्हवर असतो, हो की नाही?

एवढा जुना नॅस असेल की एसएमबी वनशिवाय बोलतच नाही, तर मालकांना सांगा, शेठ, याची पेन्शन सुरू करा.

बॅकअपचा विषय निघालाच आहे, तर पुढच्या भागात तेच घेऊ: कमी पैशात, डेटा ऑफिसबाहेर कसा ठेवायचा. तोवर तुमच्या स्क्रीनवर आलेल्या एररचे फोटो पाठवत राहा. आणि आत्ता ऑफिसात ऐकत असाल तर उठा, स्विचची वायर कुठं जातेय ते बघून या.