बोलायला उशीर आणि संशोधनाचा पैसा



मुलाला तीन वर्षांच्या केन्शिनला नेऊन आलेली आई फोन करते. "ताई, हा अजून दोन शब्दांच्या पुढे जात नाही. घरी मराठी, होइकुएनमध्ये जपानी, म्हणून गोंधळलाय म्हणतात. मराठी बंद करू का?" असा फोन तुम्हीही कधीतरी घेतला असेल, किंवा केला असेल.

मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. फक्त जपानीत अडत असेल, तर कदाचित त्या भाषेचा सराव कमी पडतोय. पण मराठीतही वाक्य जुळत नसेल, सांगितलेलं समजत नसेल, तर वाट बघू नका. बोशी तेचो घेऊन होकेन सेंटरला जा आणि तिथे गेंगो चोकाकुशी, म्हणजे वाचा-भाषा तज्ज्ञ, भेटतील का ते विचारा. घरी मराठीत काय जमतं, काय नाही, हे मात्र तुम्हीच सांगायचं. ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

आता दुसरा प्रश्न. या विकारावर संशोधन इतकं कमी का? २०१६ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत, दुसरं काही कारण नसताना भाषेत अडणारी मुलं शंभरात साधारण सात निघाली. म्हणजे तीसजणांच्या वर्गात दोन. तरीही ऑक्सफर्डच्या डोरोथी बिशप यांनी २०१० मध्ये मुलांच्या वाढीशी संबंधित ३५ विकारांची तुलना केली, तेव्हा हा विकार जितका आढळतो त्या मानाने त्याच्यावरचं संशोधन फारच कमी दिसलं. एक अडचण नावाची होती. प्रत्येक तज्ज्ञ त्याला वेगळं नाव देई. ज्याला एक नाव नाही, त्याच्यासाठी पालक एकत्र येत नाहीत आणि निधी मागणाऱ्याचा आवाजही पोचत नाही. शेवटी २०१७ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या तज्ज्ञांनी 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' या नावावर एकमत केलं.

इथे जपानमध्ये विद्यापीठांतल्या संशोधनाचा मोठा आधार म्हणजे 'काकेन्ही', सरकारी अनुदान. ते पालकांना मिळत नाही. संस्थेत काम करणारा संशोधक अर्ज करतो आणि इतर तज्ज्ञ तो तपासतात. पण कुणाला कशासाठी किती पैसे मिळाले, हे 'काकेन' नावाच्या खुल्या डेटाबेसमध्ये कुणालाही बघता येतं. इंग्रजीतही शोधता येतं. जपानीत 'गेंगो हात्तात्सु शोगाई' टाकून बघा, मग 'दोन भाषा बोलणारी मुलं' असं शोधा. संशोधकाचं नाव आणि विद्यापीठ समोर येईल.

मग त्यांना चार ओळी लिहा. "आमच्या घरी मराठी बोलतात, मूल जपानी शाळेत आहे, अभ्यासात भाग घ्यायची तयारी आहे." एवढं पुरे. यात त्यांचा काय फायदा? अर्ज लिहिताना "मुलं कुठून मिळणार?" याचं उत्तर द्यावं लागतं. मराठी-जपानी मुलं मोजकी, आणि ती कुठे आहेत हे आपल्या मंडळांना जितकं ठाऊक तितकं कुणाला नाही. पाच-सहा कुटुंबांनी मिळून लिहिलं, तर त्या पत्राला वजन येतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाग घेण्याआधी लेखी संमतीपत्र आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी मागा. मध्येच थांबायचा हक्क तुम्हाला आहे. आणि संशोधन म्हणजे उपचार नव्हे. त्याची फळं कदाचित तुमच्या मुलाला नाही, पुढच्या कुणाच्या तरी मुलाला मिळतील. म्हणून होकेन सेंटरची फेरी आधी, पत्र नंतर.

आणि आज रात्री झोपताना गोष्ट मराठीतच सांगा. मूल अडखळलं तर थांबा, त्याला वेळ द्या.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!