वाचनालय कोणाचें?
(खडवली येथें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



खडवलीस गाडींत बसलें कीं टिटवाळा, आंबिवली, शहाड आणि चौथें स्टेशन कल्याण. बाजारास, कचेरीस, दवाखान्यास आपण तेथें जातों. पण त्या गांवीं सन १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, हें किती घरांस ठाऊक आहे? आगगाडी कल्याणास १८५४ त आली; पुढें दहा वर्षांत हें वाचनालय निघालें. १८९३ त ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे व त्यांच्या सोबत्यांनीं मराठी ग्रंथसंग्रहालय काढलें. ग्रंथ जपणाऱ्या या मंडळींचे आपण ऋणी आहों.

परंतु नांवांत ‘सार्वजनिक’ असलें म्हणून सर्व जन आंत जातात असें नाहीं. त्या काळीं कुणब्याच्या, कुंभाराच्या, सुताराच्या घरांत अक्षरच शिरलें नव्हतें. मग दार उघडें असून काय उपयोग? ही अडचण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं ओळखली. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणे गांवच्या शेतकरी घरांत त्यांचा जन्म. त्यांनीं १९०६ त संस्थानभर सक्तीचें मोफत शिक्षण सुरू केलें आणि १९१० पासून गांवोगांव वाचनालयें काढलीं. लहान गांवीं पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. आधीं शाळा, मागोमाग पुस्तक.

कोणी म्हणेल, नांगरधऱ्यास पुस्तक कशाला? बाबांनो, आज इकडे जमिनींचे व्यवहार होत आहेत. सातबाऱ्यावर नांव कोणाचें, फेरफार कोणता, खरेदीखतांत चतुःसीमा काय, हें ज्यास वाचतां येत नाहीं त्याचा बांध सरकावयास वेळ लागत नाहीं. शाळा सुटली कीं मुलीच्या हातीं चूल येते, मुलाच्या हातीं मजुरी. न वापरलेला विळा गंजतो, तसें अक्षरही गंजतें.

आपल्या राज्यांत १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे; मान्यता मिळवून नियम पाळणाऱ्या वाचनालयास सरकारी अनुदान मिळूं शकतें. पण कायदा कांहीं पुस्तक वाचीत नाहीं. म्हणून प्रत्येक आळीनें एकास कल्याणच्या वाचनालयाचा सभासद करावें, वर्गणी सर्वांनीं वांटून घ्यावी. आणलेलें पुस्तक रात्रीं ओटीवर मोठ्यानें वाचावें. वाचणारी लेक किंवा सून असल्यास अधिकच बरें. सहा महिने हें नेमानें चाललें, तर गांवच्या वाचनालयाची गोष्ट काढूं. आधीं वाचक, मग कपाट, शेवटीं इमारत. पहिलें नांव कोण देतो, तें आतांच सांगा.