गणकयंत्र एक, विश्वे किती?



डिसेंबर २०२४ मध्ये गूगल कंपनीने ‘विलो’ नावाची क्वांटम चिप जाहीर केली. त्या प्रसंगी तिथल्या प्रमुख शास्त्रज्ञाने असे सुचविले की, हे गणित अनेक समांतर विश्वांत चालते या कल्पनेला त्यामुळे पुष्टी मिळते. खरोखरच मिळते काय? आज एवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

कल्पना नवी नाही. अणूच्या जगात एखादा कण एकाच वेळी अनेक अवस्थांच्या मिश्रणात असतो; मापन करावे तो एकच अवस्था हाती येते. बाकीच्या गेल्या कुठे? १९५७ साली प्रिन्स्टनच्या ह्यू एव्हरेटने उत्तर दिले : कुठेच नाही. त्या सर्व राहतात, आणि त्यांच्याबरोबर मापन करणाराही अनेक होतो. ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉइच यांनी १९८५ साली क्वांटम गणकयंत्राचा आराखडा मांडला आणि १९९७ च्या ग्रंथात विचारले : दृश्य विश्वातील अणूंच्या संख्येहूनही प्रचंड असे गणित हे यंत्र करणार, तर ते अनेक विश्वांत नाही तर होते कुठे?

प्रश्न बिनतोड वाटतो. पण एक कसोटी लावून पाहा. समजा, दहा लाख पेट्या आहेत आणि एकीतच अंगठी आहे. दहा लाख विश्वांतले दहा लाख कारकून एकदमच एकेक पेटी उघडून आपल्याला कळवीत असते, तर एका फेरीत काम व्हावे. परंतु मूळचे भारतीय असलेल्या लव ग्रोव्हर यांनी १९९६ साली शोधलेल्या रीतीला सुमारे आठशे फेऱ्या लागतात. आणि याहून फारशी घाई शक्य नाही, हेही सिद्ध झाले आहे. साध्या यंत्राला सरासरी पाच लाख फेऱ्या पडतात, तेव्हा हा लाभ लहान नव्हे. पण तो कारकुनांचा नव्हे, लाटांचा आहे. तळ्यात दोन खडे टाकले म्हणजे लाटा कुठे एकमेकींना उचलतात, कुठे पुसून टाकतात. तसेच येथे चुकीच्या उत्तरांच्या लाटा विरत जातात, बरोबर उत्तराची चढत जाते.

एव्हरेटवादी म्हणतील, ‘या लाटा म्हणजेच आमची विश्वे!’ म्हणोत बापडे. त्यांना या यंत्राने खोटेही पाडलेले नाही. पण बोहरच्या पंथाचा शास्त्रज्ञ त्याच समीकरणांवरून तेच उत्तर वर्तवितो. दोघांचे भाकीत एकच असता, यंत्र चालले म्हणून एकाचाच जय कसा मानावा? यंत्राने कौल दिला आहे तो समीकरणांना. विश्वे किती, यावर त्याने तोंड उघडलेले नाही.

तेव्हा श्रोतेहो, ‘समांतर विश्वे सापडली’ असे कुठे वाचाल, तर एवढेच विचारा : विश्व एकच असते, तर यंत्राचे उत्तर वेगळे आले असते काय?